फिरत्या घराबाहेरची शेगडी

अमेरिकेंत उन्हाळ्याच्या सुट्या लागल्या कीं तेथील हमरस्त्यांवर एक निराळीच वाहतूक सुरू होते. पुढें मोटार आणि तिच्या मागें आंकड्यानें जोडलेलें चाकांवरचें घर. हें घर वीस-पंचवीस फूट लांब असतें. त्यांत निजावयाच्या जागा, पाण्याची टांकी, शीतकपाट, थंडीसाठीं भट्टी आणि हातभर ओट्यावर गॅसची शेगडी, असा सारा संसार बसविलेला असतो. ह्या घराला तिकडे ट्रॅव्हल ट्रेलर म्हणतात. तें ओढीत कुटुंबेंच्या कुटुंबें यलोस्टोनच्या रानांत किंवा कोलोरॅडोच्या डोंगरांत जातात आणि एखाद्या झाडाखालीं मुक्काम करतात.

मुक्काम झाला कीं पहिला प्रश्न चुलीचा. ट्रेलरांतल्या शेगडीवर फोडणी दिली तर त्या इवल्याशा खोलींत उकाडा होतो आणि पांघरुणांना लागलेला कांद्याचा वास चार दिवस जात नाहीं. शिवाय मोकळ्या रानांत येऊन भिंतीकडे तोंड करून पोळ्या कोणीं भाजाव्या? म्हणून बहुतेक मंडळी पेटीसारखी मिटणारी दोन बर्नरांची एक शेगडी बरोबर नेतात आणि ती बाहेरच्या टेबलावर मांडतात. तिला प्रोपेन गॅसची एक ठेंगणी पोलादी बाटली जोडावी लागते. बाटलींत गॅस भरतो तो एक पौंड. दोन्ही बर्नर पुरते पेटविले तर तो सुमारें एक तास टिकतो, आणि मग बाटली फेकून द्यावयाची. ती पुन्हा भरून वाहून नेण्यास संघराज्याच्या कायद्याची मनाई आहे. अशा रिकाम्या बाटल्यांचा कचरा इतका वाढला कीं कॅलिफोर्निया राज्यानें २०२२ सालीं कायदा करून १ जानेवारी २०२८ पासून त्यांची विक्री बंद करण्याचें ठरविलें.

आतां एका गृहस्थाचें चित्र डोळ्यांपुढें आणावें. संध्याकाळ झाली आहे, मुलें भुकेलीं आहेत, भात अर्धा कच्चा आहे आणि बाटली संपली आहे. त्याच वेळीं त्याच्या ट्रेलरच्या नाकावर, आंकड्याच्या वरच्या बाजूस, वीस-वीस पौंडांचे दोन सिलिंडर भरलेले उभे आहेत. त्यांतलाच गॅस नळीनें ट्रेलरच्या आंत जातो. तोच गॅस आणखी आठ-दहा फूट नळी टाकून बाहेरच्या शेगडीला कां देऊं नये? विचार रास्त आहे. ट्रेलरच्या कुशीला बाहेरच्या शेगडीसाठीं कारखान्यानेंच एक तोंड ठेवलेलें आहे. गृहस्थ दुकानांतून नळी आणतो, दोन्ही टोंकें बसवितो, काडी ओढतो. ज्योत पेटते खरी, पण निरांजनांतल्या वातीएवढी. पातेल्यांतलें पाणी अर्ध्या तासानेंही उकळीला येत नाहीं.

अशा वेळीं मुक्कामावर सल्लागारांची वाण नसते. एक शेजारी म्हणतो, "शेगडीवरचा रेग्युलेटर काढून टाका, तोच गॅस अडवून धरतो आहे." दुसरा म्हणतो, "तें तोंड सोडा. गॅस सरळ सिलिंडरवरून घ्या." नवल असें कीं हे दोन्ही सल्ले आपापल्या ठिकाणीं खरे आहेत. दोहोंपैकीं योग्य तो एक पाळला तर स्वयंपाक होतो. दोन्ही एकदम पाळले तर मात्र त्या टेबलाभोवतीं बसलेल्यांच्या जिवाशीं गांठ पडते. हें कसें, तें समजण्यासाठीं गॅसच्या दाबाची गोष्ट थोडी मुळापासून पाहिली पाहिजे.

महाराष्ट्रांतल्या घरांतून पुष्कळ वर्षें भर्र आवाज करणारा पंपाचा स्टोव्ह होता. त्यांत रॉकेल असे आणि दाब आणावयाचा तो हातानें, पंप मारून. दाब कमी झाला कीं ज्योत बसे. भोंक बुजलें कीं पिन मारावी लागे. स्टोव्हची ती पिन ज्यांनीं हातांत धरली आहे त्यांना शेगडीचें मर्म सांगावयास नको. सारा खेळ दोन गोष्टींचा: मागून येणारा दाब आणि पुढचें बारीक छिद्र. छिद्र ज्या दाबासाठीं पाडलें असेल तोच दाब त्याला मिळाला पाहिजे.

प्रोपेनला पंपाची गरज नाहीं. १९१० सालीं अमेरिकेच्या खाण खात्यांतील रसायनशास्त्रज्ञ वॉल्टर स्नेलिंग ह्यांनीं पेट्रोलमधून उडून जाणाऱ्या वाफांचा शोध घेतला. त्या शोधांतून हा वायु वेगळा हातीं लागला. तो उणें ४२ अंश सेल्सिअसलाच उकळतो. म्हणून साध्या हवेंत सिलिंडरमधला प्रोपेन सतत उकळण्याच्या धडपडींत असतो आणि स्वतःच्याच वाफेच्या दाबाखालीं द्रव होऊन राहतो. हा दाब हवामानाप्रमाणें बदलतो. कडाक्याच्या थंडींत, उणें १८ अंशांना, तो दर चौरस इंचास २५ पौंडांच्या आसपास असतो. २१ अंशांच्या सुखद हवेंत सुमारें ११० पौंड. आणि ३८ अंशांच्या उन्हांत १७० पौंडांच्या वर जातो. सकाळीं एक, दुपारीं दुसरा, अशा लहरी दाबावर कोणती शेगडी चालेल?

म्हणून मध्यें रेग्युलेटर बसवितात. ट्रेलरवरचा रेग्युलेटर म्हणजे एक चपटी डबी. तींत एक लवचिक पडदा ताणलेला असतो. पडद्याच्या एका अंगास गॅस, दुसऱ्या अंगास स्प्रिंग आणि बाहेरची हवा. पडद्याला जोडलेली दांडी गॅसच्या वाटेवरचें बूच उघडते आणि मिटते. पुढें गॅस साठला कीं पडदा फुगतो आणि बूच मिटतें. ज्योतीनें गॅस खाल्ला कीं पडदा खालीं बसतो आणि बूच उघडतें. ह्या डबीला श्वास घेण्यासाठीं एक छिद्र असतें. रस्त्यावरच्या चिखलानें किंवा बर्फानें तें बुजलें तर पडदा गुदमरतो आणि दाबाचा नेम राहत नाहीं. म्हणून छिद्राचें तोंड खालीं करून डबी झांकणाखालीं बसवावी लागते. ट्रेलरमध्यें हें काम दोन टप्प्यांनीं होतें. पहिला टप्पा सिलिंडरचा दाब दहा पौंडांच्या आसपास आणतो आणि दुसरा तो अगदीं नाममात्र करून आंत सोडतो.

हा नाममात्र दाब पौंडांत मोजण्याइतका मोठा नाहींच. तो पाण्यानें मोजतात. वाकवलेल्या कांचेच्या नळींत पाणी भरून एका टोंकानें गॅस सोडला तर दोन बाजूंच्या पाण्यांत जेवढें अंतर पडेल तेवढा दाब. ट्रेलरच्या नळ्यांत तें अंतर ११ इंच, म्हणजे सुमारें २८ सेंटीमीटर, ठेवलेलें असतें. फुंकर मारून एखादें मूलही इतकें पाणी वर चढवील. उलट, २१ अंशांच्या हवेंत सिलिंडरमधला दाब अशाच पाण्याच्या स्तंभांत मोजावयाचा म्हटला तर स्तंभ पाऊणशे मीटरांहून उंच उभारावा लागेल, आणि भर उन्हांत तर तो मुंबईच्या राजाबाई टॉवरच्याही डोक्यावरून जाईल. रेग्युलेटरच्या अलीकडे टॉवरएवढा दाब, पलीकडे फुंकरीएवढा. आणि मध्यें एक पडदा.

भारतांतील घरगुती सिलिंडरवरचा रेग्युलेटरही जवळजवळ एवढाच, म्हणजे सुमारें ३० सेंटीमीटर पाण्याच्या स्तंभाइतका दाब देतो. तेथें तो सिलिंडरच्या माथ्यावरच बसतो आणि शेगडी त्याच दाबाची मिळते, म्हणून घरांत हा प्रश्न कधीं उठत नाहीं. लग्नकार्यांत आचाऱ्याच्या भट्टीला मात्र निराळा, जास्त दाबाचा रेग्युलेटर लागतो. ती भट्टी घरच्या रेग्युलेटरवर लावली तर काय होईल, हें कोणाही आचाऱ्याला विचारावें.

अमेरिकन गृहस्थाच्या शेगडीचें नेमकें तेंच झालें आहे. बाटलीवर चालणाऱ्या पुष्कळ शेगड्यांना स्वतःचा एक लहान रेग्युलेटर असतो, आणि तो बाटलीचा दाब कांहीं पौंडांपर्यंतच उतरवितो. बर्नरचें छिद्र त्या दाबाच्या हिशेबानें सुईच्या टोंकासारखें बारीक पाडलेलें असतें. समजा, शेगडीला दहा पौंड दाब हवा आहे. ट्रेलरच्या नळींतून येणारा दाब अर्ध्या पौंडाहूनही कमी, म्हणजे त्याचा पंचविसावा हिस्सा. छिद्रांतून जाणारा गॅस दाबाच्या वर्गमुळाप्रमाणें बदलतो. तेव्हां ढोबळ मानानें ज्योत पांचव्या हिश्श्यावर येते. शिवाय मंद झालेली धार आपल्याबरोबर पुरेशी हवा ओढून घेत नाहीं, म्हणून ज्योत निळी न राहतां पिवळी होते आणि भांड्यांना काजळी धरते. गॅस कमी आहे असें नव्हे. वीस पौंडांचा सिलिंडर भरलेलाच आहे. त्याचा दाब मात्र एका रेग्युलेटरनें आधींच उतरविलेला आहे आणि दुसरा रेग्युलेटर वाट अडवून बसला आहे.

ह्यावर उपाय दोन आहेत, आणि कोणता लागू तें शेगडीवरून ठरतें. शेगडीच्या पाठीशीं किंवा तळाशीं धातूची पट्टी असते. तिजवर कारखानदारानें बर्नरला किती दाब लागतो तें छापलेलें असतें. तेथें ११ इंच पाण्याचा स्तंभ असें असेल तर बर्नर ट्रेलरच्याच दाबाचा आहे. अशा शेगडीचा रेग्युलेटर कारखानदारानें काढतां येण्याजोगा केलेला असेल तर तो काढून साध्या नळीनें ती ट्रेलरच्या कुशींतल्या तोंडाला जोडावी. पहिल्या शेजाऱ्याचा सल्ला येथें लागू पडतो. हें तोंड मोठें युक्तीचें असतें. त्याची पितळी कडी मागें ओढून नळीचें टोंक खुपसावें लागतें, आणि टोंक नीट बसल्याशिवाय त्याची चावी उघडतच नाहीं. नळी काढावयाची तर चावी आधीं मिटावी लागते. घाईनें काम करणाऱ्याच्या हातावर कारखानदारानेंच हात ठेवल्यासारखें आहे.

पट्टीवर पौंडांतला दाब असेल तर शेगडीचा रेग्युलेटर जागचा हलवूं नये. अशा शेगडीला गॅस ट्रेलरच्या रेग्युलेटरच्या अलीकडून घ्यावा लागतो. त्यासाठीं सिलिंडरच्या तोंडाशीं बसणारी एक पितळी त्रिमुखी जोडणी मिळते. तिचें एक तोंड सिलिंडरकडे, एक ट्रेलरकडे, आणि तिसऱ्याचे आटे त्या लहान बाटलीच्या गळ्यासारखेच. तेथून जास्त दाबाची म्हणून विकली जाणारी नळी शेगडीपर्यंत आणली कीं शेगडीला वाटतें, आपल्याला बाटलीच लावली आहे. दुसऱ्या शेजाऱ्याचा सल्ला तो हाच.

आतां दोन्ही सल्ले एकत्र केले तर? गॅस सिलिंडरवरून सरळ घेतला आणि शेगडीचा रेग्युलेटरही काढून फेकला, म्हणजे टॉवरएवढा दाब उघड्या बर्नरवर सोडला. कमी दाबाच्या शेगडीचें छिद्र तर आणखी रुंद असतें. ज्योत हातभर उसळते. वर ट्रेलरची कापडी कनात असेल तर तिलाच आधीं पेट घेते. शेगडीच्या चाव्या किंवा कमी दाबाची रबरी नळी असल्या भारासाठीं केलेलीच नसते. ती सांध्यांतून सुटली तर पेटत्या बर्नरच्या शेजारींच गॅसचा झोत सुरू होतो. ज्या माणसानें काडी ओढली तो सर्वांत जवळ उभा असतो, आणि मुक्कामावर त्याच्या पाठीमागें मुलें असतात.

न पेटलेला गॅसही कमी घातक नाहीं. प्रोपेन हवेच्या दीडपट जड आहे. गळूं लागला तर तो वर उडून न जातां जमिनीलगत पसरतो, ट्रेलरच्या पोटाखालीं किंवा एखाद्या खळग्यांत सांचतो. हवेंत त्याचें प्रमाण शेंकडा दोनाच्या थोडें वर गेलें कीं ठिणगी पुरे. त्याला स्वतःचा वास नाहीं. जो कुजकट वास येतो तो मुद्दाम मिसळलेल्या मर्कॅप्टन नांवाच्या द्रव्याचा. वायूंना असा वास लावण्याची सक्ती टेक्सास राज्यांत कशी आली तें सांगण्यासारखें आहे. १८ मार्च १९३७ रोजीं तेथील न्यू लंडन गांवच्या शाळेंत स्फोट होऊन सुमारें तीनशे जीव गेले. बहुतेक सगळीं मुलें. तो वायु प्रोपेन नव्हता, खनिज वायु होता. पैसे वांचावे म्हणून शाळेनें जवळच्या तेलविहिरींच्या टाकाऊ वायूच्या नळाला आपली नळी जोडून घेतली होती. गळती जमिनीखालच्या पोकळींत सांचत गेली आणि वास नसल्यामुळें ती कोणाच्या ध्यानांतच आली नाहीं. पुढें एका यंत्राची कळ दाबली गेली. नळी कोठें जोडतां येते आणि कोठें जोडावी ह्या दोन प्रश्नांमधलें अंतर त्या गांवानें असें मोजलें.

म्हणून जोडणी झाल्यावर तपासणी आलीच. तिला लागणारें साहित्य म्हणजे वाटीभर साबणाचें पाणी आणि एक कुंचला. सिलिंडर उघडून, शेगडी बंद ठेवून, प्रत्येक सांध्यावर तो फेंस लावावा. गळत असेल तेथें बुडबुडा फुगतो. काडी ओढून गळती शोधणारे लोक अजून आहेत, आणि ते प्रत्येक देशांत आहेत. सांध्यांचेही दोन प्रकार लक्षांत ठेवण्यासारखे आहेत. कांहीं सांधे तोंडाच्या उतरत्या कडा एकमेकींवर दाबून बसतात. त्यांना फीत किंवा लेप कांहींच लावावयाचें नसतें. ज्यांचे आटे निमुळते असतात त्यांना मात्र गॅससाठीं बनविलेला लेप किंवा पिवळी फीत लागते. सिलिंडरचें मोठें चाकासारखें बूच हातानेंच आंवळावयाचें. तेथें पाना चालवूं नये. ट्रेलरच्या कुशीला असें तोंड नसेल तर त्याच्या पोटाखालच्या लोखंडी नळाला स्वतः भोंक पाडण्याच्या भानगडींत गृहस्थानें पडूं नये. अमेरिकेच्या नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनची ११९२ क्रमांकाची नियमावली अशा फिरत्या घरांसाठींच आहे, आणि त्या कामाचे जाणकार कारागीर पाण्याच्या नळीनें दाब मोजूनच घर परत देतात.

मंद ज्योतीचें एक फसवें कारण राहिलें. सिलिंडरच्या त्या मोठ्या बुचांत एक संरक्षक बसविलेला असतो. गॅस एकदम जोरानें धांवूं लागला तर नळी तुटली असें समजून तो वाट जवळजवळ बंद करतो. शेगडीची चावी आधींच उघडी ठेवून कोणी सिलिंडर झटकन उघडला तरी त्याला तसेंच वाटतें. मग जोडणी निर्दोष असूनही ज्योत मिणमिणते आणि गृहस्थ उगीचच रेग्युलेटरला दोष देतो. सर्व चाव्या मिटून, क्षणभर थांबून, सिलिंडर सावकाश उघडला कीं संरक्षक आपल्या जागीं परत जातो. पट्टी वाचण्यापूर्वीं एवढें करून पाहण्यास पैसाही पडत नाहीं.

आपल्या गृहस्थानें तें करून पाहिलें, ज्योत तशीच राहिली. मग त्यानें विजेरीच्या उजेडांत शेगडी उलटी करून पट्टी वाचली; तींत पौंडांतला दाब होता. रेग्युलेटर काढण्याचा विचार त्यानें सोडला आणि त्या रात्रीं भात ट्रेलरमधल्या शेगडीवरच, खिडक्या उघडून, पुरा केला. बाहेरची शेगडी आंत नेऊन पेटविण्याचें मात्र त्याच्या मनांतही आलें नाहीं, तें बरें झालें. बंद खोलींत तिच्यापासून कार्बन मोनॉक्साइड सांचतो आणि त्याला वास नसतो.

दुसऱ्या दिवशीं त्यानें दुकानांत साधी नळी परत देऊन पितळी जोडणी आणि जास्त दाबाची बारा फुटी नळी घेतली. शेगडी कनातीच्या बाहेर, ट्रेलरच्या भिंतीपासून आणि खिडक्यांपासून दूर मांडली. साबणाचें पाणी लावतांना जोडणीच्या तिसऱ्या तोंडाशीं वाटाण्याएवढा एक बुडबुडा हळूहळू फुगला. त्यानें सिलिंडर मिटला, आटे पुसले, टोंक पुन्हा सरळ धरून बसविलें आणि फेंस पुन्हा लावला. ह्या खेपेस बुडबुडा आला नाहीं. सिलिंडर सावकाश उघडला, काडी ओढली, आणि बर्नरभोवतीं निळ्या ज्योतीचें कडें धरलें.

जेवणें झाल्यावर त्यानें शेगडीची चावी मिटली नाहीं. आधीं सिलिंडर मिटला. नळींत उरलेला गॅस जळून ज्योत आपोआप विझली, तेव्हां त्यानें शेगडीच्या चाव्या बंद केल्या, नळी सोडवून गुंडाळली आणि तिच्या दोन्ही तोंडांना टोपणें लावलीं. कोळी उघड्या नळींत शिरतात आणि जाळीं विणतात, हें शेजाऱ्यानें सांगितलेलें त्याच्या लक्षांत होतें.